झटक्यानं ओढलेलं लोखंड

आमच्या घरात लोखंडाची परीक्षा घ्यायची एकच पद्धत होती, ते आपटायचं. नवा कोयता आणला की दगडावर आपट, पहार आणली की ओट्याच्या कडेवर आपट. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार. माणसांची परीक्षाही साधारण तशीच व्हायची. वडील मी लहान असतानाच गेले आणि घर काकाच्या ताब्यात आलं. काकाचा हात बैलावर, माझ्यावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आणि अंगणात पडलेल्या रेल्वेरुळाच्या तुकड्यावर सारख्याच जोराने पडायचा. मला शिकू दिलं तेही त्यानेच, आणि जो राग माझ्यात जसाच्या तसा उतरला आहे तोही त्याचाच. मी कॉलेजात दोघांच्या कानाखाली वाजवल्या आहेत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कुठे गप्प बसले ते वाचताना कोणी मला मुळातली भित्री समजू नये.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंजूरमधल्या आमच्या भातखाचरांवर मुरूम पडत होता आणि त्यावर गोदामं उभी राहत होती. मुरूम वरून घट्ट दिसे, पण खाली अजून खाडीचाच चिखल. भिवंडीहून कापडाचे तागे भरून आलेला ट्रक वळताना जरा कडेला गेला की मागचं चाक पोटापर्यंत आत. मग ड्रायव्हर हिंदीत रडगाणं लावायचा आणि कोणीतरी काकाला बोलवायला पळायचं.

रुतलेली गाडी काढण्यात काकाचं नाव होतं. त्याची रीत खाडीवरची. आमच्या लोकांच्या होड्या ओहोटीला चिखलात बसायच्या, तेव्हा दहाजण काथ्याचा जाड दोर धरायचे, दोर सैल सोडायचे आणि एका हाळीसरशी हिसडा द्यायचे. "चिखल हलू ओढला तं धरून ठेवतो, झटका दिला तं सोरतो," असं काका म्हणायचा, आणि ते खरंच आहे. होडी सुटायची. फक्त काथ्याचा दोर हिसडा स्वतःच्या पोटात घ्यायचा, ताणला जायचा, कुरकुरायचा, हे कोणी मोजलंच नव्हतं. काकाने ती रीत तशीच उचलून ट्रॅक्टरला लावली. दोर मात्र तारेचा घेतला, आणि तारेच्या दोराला पोट नसतं.

त्या दोराच्या ट्रॅक्टरकडच्या टोकाला एक लोखंडी हूक होता, मनगटाएवढा जाड, भंगारातून आणलेला. ट्रॅक्टरच्या मागच्या कडीत तो अडकवायचा, ट्रॅक्टर मागे घ्यायचा, दोर सैल करायचा आणि मग फुल्ल रेस देऊन पुढे उडवायचा. तीन-चार झटक्यांत ट्रक बाहेर. दर वेळी हूकचं तोंड थोडं उघडायचं. खरं तर तो हूक बोलत होता, पण आमच्याकडे ऐकून घ्यायची सवय कोणाला? घरी आलं की काका हूक रुळावर ठेवायचा आणि थंड असतानाच घणाने ठोकून पुन्हा मिटवायचा. लोहाराकडे न्यावा, तापवावा, हे त्याच्या मनात येत नसे. "ठोकून ठोकून कसा कनक झालाय बघ," म्हणून तो मला दाखवायचा. कनक म्हणजे कणीक नव्हे, कडक, इतकंच.

दोराचं दुसरं टोक ट्रकच्या एक्सलला बांधायचं काम डोंगराकडच्या पाड्यावरल्या एका माणसाचं. मी त्याला मामा म्हणायचे. आमच्या घरचा लग्नाचा मांडव त्याच्या बापाने बांधला, मग त्याने. त्याच्या हातची गाठ म्हणजे गाठ. तारेचा फास एक्सलला घालून तो वर नायलॉनच्या दोरीचे असे वेढे द्यायचा की फास इंचभर सरकत नसे. दुसरा कोणी बांधायला पुढे आला तर काका पाया पडल्यासारखं करून म्हणायचा, "बाबा, तू लांबच रव." गोदामांवर त्याला मान होता तो तेवढ्या एका कामापुरता, पण होता.

मी तिसऱ्या वर्षाला होते, धातुशास्त्र शिकत होते. सुट्टीत घरी आले होते. काका अंगणात हूक ठोकत होता. थांबला, घाम पुसला आणि शेजारपाजारच्या बाप्यांसमोर मला म्हणाला, "पोरी, तीन वर्सं लोखंर शिकतंस ना? मंग सांग, यो हूक किती झेलल?" लोक हसले. मला हसलेलं चालत नाही. मी फूटपट्टी आणली, हूकची जाडी घेतली, वहीत गणित मांडलं आणि सगळ्यांसमोर टनांत उत्तर दिलं. ट्रकच्या वजनाच्या कितीतरी वर. "डोळे झाकून ओढ," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! काकाचा चेहरा फुलला. त्याने ते उत्तर खडूने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी ट्रक रुतला. मीही गेले, माझं गणित बघायला.

दोर ओढताना बाकी सगळ्यांनी लांब उभं राहायचं, ही रीत होडीच्या काळापासूनची. त्या दिवशी काकानेच ती मोडली. चाक उचललं की लगेच खाली ओंडका सरकवला पाहिजे, नाहीतर ट्रक परत बसतो, म्हणून त्याने मामाला चाकाजवळ उभं राहायला सांगितलं. मामाने दोराकडे बघितलं, मग काकाकडे. काकाने मडगार्डवर थाप मारली. "घाबरतंस कशाला? आमचे पोरीनं हिशेब केलाय." मामाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून. त्या मान हलवण्याला अर्धा सेकंदसुद्धा लागला नसेल.

पहिला झटका. ट्रक हलला आणि परत बसला. दुसरा. ओंडका अर्धा आत गेला. तिसऱ्याला काकाने ट्रॅक्टर पार मागे नेला आणि शिवी हासडून सोडला. आवाज आला तो घण रुळावर चुकून कडेला बसावा तसा, बारीक. दोर मला दिसलाच नाही. हूकचं तुटकं तोंड ट्रॅक्टरच्या कडीत राहिलं आणि उरलेला अर्धा हूक घेऊन दोर उलटा ट्रककडे आला. ट्रकच्या फाळक्याची फळी फुटली. मामा उभा होता तो बसला. तो बसला असंच मला वाटलं. मग मी बघितलं की त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळून पडलाय आणि मुरूम काळा होत चाललाय.

तो ओरडलाही नाही. ओरडला काका. ट्रॅक्टरवरून उडी मारून धावत आला, मला वाटलं त्याला उचलायला. त्याने मामाला छातीत लाथ घातली. मग तोंडावर. "सैल बांधलास! सरकला दोर! सैल बांधलास!" प्रत्येक शब्दाला एक. पडलेल्या, पाय तुटलेल्या माणसाला तो मारत होता आणि तिथले वीस बाप्ये नुसते बघत होते. मी काकाच्या पाठीवर झेप घेतली, त्याच्या दंडाला चावले. त्याने मला कोपराने झटकलं, माझा ओठ फुटला. आज वाटतं, तो भ्याला होता आणि भीती कुठे ठेवायची ते त्याला माहीत नव्हतं. पण हे मला आज वाटतं. तेव्हा माझ्या हातात घण असता तर मी तो त्याच्या डोक्यात घातला असता.

मामाला टेम्पोत घातलं. पाय वाचला नाही, गुडघ्याखालून काढला. आणि चार दिवसांत सगळ्या गावात एकच वाक्य पक्कं झालं की फास सैल बांधला, दोर सरकला, म्हणून नको तसा झटका बसला आणि हूक तुटला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. वास्तविक हाताच्या काकणाला आरसा कशाला? गाठ एक्सलवर जशीच्या तशी होती. ड्रायव्हरला ती सुटेना, त्याने चाकूने कापली. पण ते बघितलेला ड्रायव्हर कुठल्या कुठे निघून गेला होता, आणि बघितलेली दुसरी मी होते.

रक्त लागलेलं लोखंड घरात ठेवायचं नाही, खाडीत सोडायचं, असं आमच्या घरात होतं. काका तुटका हूक घेऊन निघालाच होता. कडीत राहिलेला तुकडा मी आधीच ओढणीत गुंडाळून बॅगेत घातला होता. त्याच संध्याकाळी मामाची बायको मागच्या दाराशी आली. आत आली नाही. म्हणाली, "बाय, तू शिकलेली हायेस. तूच सांग. त्याचे हातून चुकला का?" मी म्हणाले, "बघून सांगते." तिने मान डोलावली आणि गेली. बघून सांगते! जसं काही मी बघितलंच नव्हतं.

कॉलेजात मी तो तुकडा आमच्या सरांसमोर ठेवला आणि काका हूक कसा ठोकायचा ते सांगितलं. सर मोठे शांत, आवाज चढवायचे नाहीत, मला त्यांची चीड यायची. त्यांनी भिंगातून बघितलं आणि तुटलेल्या तोंडावर बोट ठेवलं. हूकच्या आतल्या वळणाकडचा चंद्रकोरीच्या आकाराचा भाग काळपट, गंजलेला होता. बाकीचा करडा, चकचकीत. "ही चीर जुनी आहे," सर म्हणाले. "तुझ्या काकांनी हा हूक झटक्याच्या आधीच अर्धवट तोडला होता, अंगणात बसून."

मग त्यांनी मला ते नीट सांगितलं, आणि पहिल्यांदा मला ते कळलं. वर्गात मी ते पाठ केलं होतं. धातूचे अणू भाताच्या लावणीसारखे ओळीत बसलेले असतात. लावणीत कधी एखादी ओळ मध्येच संपते, बाकीच्या पुढे जातात आणि तिच्या टोकाशी जरा वेडंवाकडं होतं. तसं धातूतही असतं, त्याला डिस्लोकेशन म्हणतात. दोष म्हणतात खरं, पण धातू न तुटता वाकतो तो ह्या दोषामुळेच. ताण आला की ते अर्धवट टोक एकेक ओळ पुढे सरकतं आणि सगळी रांग मोडण्याऐवजी थोडी थोडी हलते. थंड लोखंडावर घण घातला की अशी अर्धवट टोकं कोट्यवधींनी नवी तयार होतात आणि एकमेकांत अडकून बसतात. लोखंड कडक होतं, काका म्हणायचा ते खरंच. पण त्याची सरकायची सोय संपते. तापवलं असतं तर ती गुंतागुंत सुटली असती. आमच्या घरात कोणी कोणाला तसं ऊब देऊन सोडवल्याचं मला आठवत नाही, हूकला कोण देणार?

आणि मग झटका. हळू ओढलं तर टोकांना सरकायला वेळ मिळतो. झटक्यात तो मिळत नाही. नवे दोष झुंडीने जन्मतात, अणूंच्या जागा रिकाम्या राहतात, लोखंडातल्या कचऱ्याच्या कणांभोवती, लोखंड ज्या बारीक दाण्यांचं बनलेलं असतं त्यांच्या सीमांवर बारीक पोकळ्या फुटतात, त्या फुगतात, एकमेकींना मिळतात आणि संपलं. सरांनी मोठ्या मायक्रोस्कोपखाली मला ते तोंड दाखवलं. घावनाच्या पाठीसारखी जाळीच जाळी, प्रत्येक खळगा म्हणजे एक पोकळी.

"माझं गणित?" मी विचारलं.

"पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे," सर म्हणाले. "पुस्तकातला नमुना नवा असतो आणि तो हळू ओढतात."

मी तुकडा पुन्हा ओढणीत गुंडाळला.

पुढे मी त्याच कामात पडले. आजही धातू तोडते, तांबं, ॲल्युमिनियम, फार वेगाने, इतक्या वेगाने की सगळं डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत होऊन जातं. दर वेळी बंद पेटीतून दणका येतो आणि दर वेळी माझा उजवा पाय आपोआप मागे जातो. त्या कामात एक गोष्ट शिकले. हळू ओढलं तर पोकळी सर्वात कमजोर जागी पडते आणि मोडतं ते तिथेच. वेगाने ओढलं तर ताण इतका भरभर चढतो की एरवी टिकल्या असत्या अशा जागाही एकदम फुटतात. हे कळल्यावर मला त्या वर्षांतलं आमचं गाव बरंच समजलं. पण मामाबद्दल समजून घ्यायचं असं त्यात काही नव्हतं. तिथे जे होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

काकाच्या मुलीच्या लग्नाला मी घरी आले तेव्हा मामाचा पाय जाऊन सात-आठ महिने झाले होते. आधी पाड्यावर गेले. मामा झोपडीबाहेर बसला होता, शेजारी कुबडी. गोदामांवर त्याला आता कोणी बोलवत नव्हतं. गावात एखादं काम बिघडलं की "याच्यासारखी गाठ मारलीस का" असं म्हणायची पद्धत पडली होती. बायको एकटी मजुरीला जायची. मी त्याच्यासमोर बसले आणि घडाघडा सगळं सांगितलं. जुनी चीर, घण, झटका, माझं गणित. तुझी गाठ बरोबर होती म्हणाले. रडलेसुद्धा.

त्याने मला संपवू दिलं. मग म्हणाला, "गाठ बराबर व्हती तं मनाबी ठावं हाय, बाय. मीच बांधली व्हती." त्याने कुबडी जवळ ओढली. "तुझेकडं बायकोला पाठवली ती मना कलावा म्हून न्हाय. तू तिकरं गावात सांगशील म्हून पाठवली. चारचौघांत."

"सांगते," मी म्हणाले. "हळदीला सगळा गाव असेल. हळदीला सांगते."

"मी येन," तो म्हणाला.

काकाने मांडव बांधायला त्यालाच बोलावलं होतं, बापाच्या वेळेपासूनचा रिवाज म्हणून. "मांडव बांध, ट्रक नको," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि लोक हसले. मामा उलट्या पिंपावर बसून खांबाच्या खालच्या गाठी मारत होता, वरच्या त्याच्या बायकोने शिडीवर चढून, तो सांगेल तशा. हळदीच्या संध्याकाळी तो परत आला, धुतलेला पांढरा शर्ट घालून, आणि मांडवाच्या कडेच्या खांबाशी उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

बँजो वाजत होता. आमच्याकडच्या हळदीचा बँजो ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, शेजारच्याचं बोलणं त्याच्या ओठांवरून ओळखायचं. काका मधोमध नाचत होता, कपाळभर हळद. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले. "गाठ सुटली नव्हती! हूक तू ठोकून ठोकून मोडलास! त्या माणसाचा पाय तू आणि मी घालवलाय!"

फक्त काकाने ऐकलं. त्याने मला मारलं नाही. मी मार खायच्या तयारीने गाल पुढे केला होता, मार मला सोपा गेला असता. त्याने हात वर केला आणि बँजो थांबवला. तीनशे-चारशे माणसं आमच्याकडे बघायला लागली.

"बोल," काका म्हणाला, अगदी हळू. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी इतकं हळू बोलला. "काय म्हनत व्हतीस, बोल आता. सगली ऐकतान."

मला मांडव दिसत होता, नवरी झालेली चुलतबहीण दिसत होती, कडेला पांढरा शर्ट दिसत होता. दोघांच्या कानाखाली वाजवणारी मी. माझं तोंड उघडलं.

"काही नाही," मी म्हणाले. "पानं वाढलीत. जेवायला चला."

बँजो परत सुरू झाला. मी कडेच्या खांबाकडे बघायचं टाळलं, आणि बघितलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. तो जेवला नव्हता.

लग्न झाल्यावर मांडव उतरवायला काका आणि चार बाप्ये लागले. गाठी सुटेनात. एकाने दात लावून बघितले, एकाने खिळा घालून. शेवटी काकाने कोयता मागवला आणि एकेक गाठ कापायला घेतली, हसत, शिव्या देत. "त्याची गाठ हाय ती," तो घाम पुसत म्हणाला, "ती कवा आपसूक सुटल का?"

कापलेल्या दोऱ्या गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हाही ते चारही बाप्ये तिथेच होते, बँजो नव्हता, आणि काकाने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगून टाकलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की परत बोल. मी दोऱ्या टोपलीत भरल्या आणि चहा टाकायला आत गेले.